हिराजीशेठचं व्होल्टेज

मी विजेच्या ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसायचो तेव्हाची गोष्ट. टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असे. ग्राहकाचं नाव, पत्ता आणि तक्रारीचं स्वरूप असे त्यात रकाने. भिवंडीत तक्रारीचं स्वरूप फारसं बदलत नाही. लाइट नाही, एक फेज गेला, खांबावर ठिणग्या उडतात, डीपीत मांजर शिरलं. अशा नोंदींच्या मधोमध माझ्याच अक्षरात एक नोंद होती : 'मारवा अर्धा सूर उतरला आहे.' नवे इंजिनिअरसाहेब एक दिवस रजिस्टर तपासायला बसले, त्या ओळीशी अडले आणि मला केबिनमध्ये बोलावून गंभीरपणे म्हणाले, "जाधव, हा मारवा कुठल्या फीडरवर येतो?"

मी सांगितलं की मारवा हा फीडर नाही, राग आहे, आणि तक्रारदार हिराजीशेठ भोईर आहेत. साहेब नवे होते म्हणून एवढं सांगावं लागलं. जुने साहेब 'किती उतरला म्हणाले?' एवढंच विचारून व्होल्टमीटर बघायला गेले असते. आणि मीटरवरही तेवढंच उतरलेलं निघालं असतं.

हिराजीशेठ मूळचे खारबावचे. खाडीकाठची भातशेती होती, तिच्यावर पुढे गोदामं उभी राहिली, आणि शेठ भिवंडीत दुमजली घर बांधून राहायला आले. खाली ते आणि त्यांची बायको जमनाकाकी, वरच्या मजल्यावर मी. थोरला मुलगा गोदामं बघायचा आणि जवळच्या कोन गावात राहायचा. शेठ सहा फुटी, गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी, अंगात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक आणि खाली चौकड्यांची लुंगी. आमच्याकडे असा माणूस रस्त्यात दिसला की जवळपास कुठेतरी हळद आहे आणि आता डीजे वाजणार, असं आपण धरून चालतो. हा माणूस मात्र संध्याकाळ झाली की दार लोटून मारवा ऐकत बसे.

हे वेड त्यांना गवतापायी लागलं. तरुणपणी ते गवताचा ट्रक घेऊन मुंबईच्या एका तबेल्यात जात. तबेल्याच्या वरच्या माळ्यावर एक गवईबुवा राहत आणि सकाळी रियाज करीत. हिराजी खाली पेंढ्या उतरवत असे. एक दिवस पेंढी हातात तशीच राहिली, आणि वरचं गाणं संपेपर्यंत ट्रक अर्धाच रिकामा झाला होता. म्हशी उपाशी राहिल्या म्हणून तबेलेवाल्याने शिव्या दिल्या. ती तोडी होती, हे शेठना पुढे पाच वर्षांनी कळलं. "पन तवाच कललं का हा मानूस कायतरी शोधतोय नि त्याला ता गावत न्हाय. मना वाटला आपन पन शोधावा," असं ते सांगत.

गाणाऱ्यांची नावं ते घेत नसत. कानाची पाळी धरून नाव गिळून टाकीत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सगळे कलावंत 'बुवा', 'बाई' आणि 'खाँसाहेब' एवढ्यात बसत. कुठले बुवा हे ओळखण्यासाठी 'खोकल्याचे बुवा', 'भांडकुदल बुवा' अशा त्यांच्या खुणा होत्या. समेला सगळं जग 'वाहवा' म्हणतं. शेठ 'लागली' म्हणत. होडी धक्क्याला लागते, तशी. कल्याणच्या एका मैफिलीत त्यांनी पहिल्या रांगेतून खणखणीत आवाजात 'लागली' म्हटलं, तेव्हा तबलजीचा हात क्षणभर थबकला होता म्हणे. गवई मात्र खूश झाला आणि पुढची प्रत्येक सम शेठकडे बघून घेऊ लागला.

आता त्यांचा आणि आमच्या ऑफिसचा संबंध. तो समजायला थोडी वीज कळावी लागते, पण फार नाही. शेठकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता. त्याला ते 'मशीन' म्हणत. टेपेचा वेग सांभाळणारा मशीनच्या पोटातला कुठलासा भाग फार वर्षांपूर्वी वारला होता. त्यामुळे व्होल्टेज उतरलं की टेप हळू फिरे आणि चढलं की पळे. भिवंडीत शनिवार ते गुरुवार लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात. लूम चालले की व्होल्टेज बसतं. शेठनी रेडिओवरून आणि लोकांकडच्या रेकॉर्डवरून जेवढ्या टेपा भरल्या त्या बहुतेक या बसलेल्या व्होल्टेजवर, म्हणजे हळू फिरत भरल्या गेल्या. बसलेल्या व्होल्टेजवरच त्या लावल्या की गाणं अगदी बरोबर यायचं. पण शुक्रवारी लूमला सुट्टी आणि व्होल्टेज पुरं. त्या दिवशी तीच टेप लावली की भारदस्त बुवा बालनाट्यात काम मिळाल्यासारखे गाऊ लागत.

शुक्रवारी भरलेल्या थोड्या टेपा होत्या, त्यांचं सगळं उलटं. त्या इतर दिवशी लावल्या तर गाणाऱ्या बाईंना मिशा फुटत. म्हणून त्यांच्यावर लाल शाईने 'शु' लिहून शेठनी त्या वेगळ्या फळीवर ठेवल्या होत्या.

मी विजेचा माणूस. मी पहिल्याच महिन्यात म्हटलं, शेठ, हे मशीन दुरुस्त करून घ्या, शंभर रुपयांचं काम नाही. त्यांनी माझ्याकडे फार दयाळूपणे पाहिलं. "मशीन सुदरला तर सगल्या टेपा बिगरतील. येक मशीन बिगरलेला बरा का येवऱ्या टेपा?" कल्याणच्या एका रसिकांनी त्यांच्याकडून एक टेप ऐकायला नेली आणि 'तुमचे खाँसाहेब फारच वरच्या पट्टीत गातात' असा शेरा मारून परत पाठवली. शेठनी निरोप धाडला की गाणं ऐकायचं तर भिवंडीला या, हे बाहेर चालत नाही.

व्होल्टेजच्या बाबतीत शेठचा कान आमच्या मीटरपेक्षा खरा होता. घरामागच्या लूमचे मास्टर सकाळी भिंतीवरून डोकावून म्हणत, "शेठ, आज बाई की आवाज़ भारी लग रही है. मतलब अपना प्रॉडक्शन गया." मग शेठ मला फोन करीत आणि मी रजिस्टरात लिहीत असे. माझं स्वतःचं संगीत म्हणजे आमच्या वस्तीत ऐकलेली भीमगीतं. एकदा जयंतीच्या कार्यक्रमाला मी शेठना घेऊन गेलो. ते पूर्ण वेळ मांडी घालून बसले, निघताना पेटीवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "तुमचा पेटीवाला सुरात हाय. तुमचा ऑफिस मातर न्हाय."

लोडशेडिंगचं वेळापत्रक लागलं तेव्हा शेठ अर्ज घेऊन आले. अर्जात विनंती अशी होती की आमच्या भागातली वीज संध्याकाळी मारव्याच्या वेळेला घालवू नये. मालकंसाच्या वेळेला खुशाल घालवावी, कारण तेव्हा अर्जदार झोपलेला असतो. दुपारी सारंगाच्या वेळेबद्दल अर्जदार ऑफिसच्या अडचणी समजून घेण्यास तयार आहे. इंजिनिअरसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. एव्हाना तेही मुरले होते. त्यांनी 'सारंग विचारात घ्यावा' असा शेरा मारला.

एकदाच मी शेठचा पराभव पाहिला, आणि तो पराभव होता की विजय हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोनला पुतण्याची हळद होती. शेठनी आधीच बजावलं होतं की डीजेआधी अर्धा तास माझं मशीन लागेल, घराण्यात कुणीतरी एकदा चांगलं ऐकलं पाहिजे. पुतण्या काकांच्या शब्दाबाहेर नव्हता. मांडवात लाइट गेलेला, जनरेटर चालू. शेठनी एक तराणा निवडला होता. जनरेटरचं व्होल्टेज भलतंच चढलेलं, आणि तराणा जो सुटला तो कुणाच्या आवाक्यात राहिना. खाँसाहेब एखाद्या चिडलेल्या पोपटासारखे दिरदिर करीत होते आणि तबल्याचा नुसता पाऊस पडत होता. मग नवऱ्याचे दोस्त उठले आणि नाचायला लागले. मग मावश्या उठल्या. संपल्यावर सगळ्यांनी पुन्हा तोच लावायचा आग्रह धरला. शेठ घामाघूम होऊन मशीन मांडीवर घेऊन बसले होते. परतताना नाक्यावर आल्यावर म्हणाले, "काय पन म्हन जाधव, तालुक्यान तरान्यावर कोन नाचला नव्हता."

त्यांचे ऐकण्याचे नियम कडक होते. मशीनकडे पाय करायचे नाहीत. गाणं चालू असताना चहा प्यायचा नाही, कारण समोरचा माणूस प्यायलेला नाही. वेळेबाहेरचा राग लावायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम टेप उलटी फिरवण्याचा. मशीनवर बटण होतं, पण ते शेठनी कधी दाबलं नाही. खाँसाहेबांना उलटं पळवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. टेप बाहेर काढून, तिच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून ते ती हाताने सावकाश फिरवत. एका टेपेला अर्धा तास लागे. तेवढा वेळ तोंडाने गाण्याची उजळणी चाले. मला जे काही थोडं गाणं कळतं ते त्या पेन्सिलच्या वेळात कळलं.

या सगळ्यावर घरात एकच माणूस हसायचं, ते म्हणजे जमनाकाकी.

काकी धवलारीन होत्या. आगरी लग्नात धवलारीन लागतेच. ती प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, म्हणते आणि तिचं म्हणून झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. काकींना पंचक्रोशीतून बोलावणी असत. आवाज असा की मांडवाबाहेर उभ्या असलेल्या ट्रकवाल्यालाही शब्द न् शब्द कळावा. त्यांना शेठचं गाणं अजिबात कळत नसे आणि ते त्या लपवत नसत. विलंबित ख्याल ऐन रंगात आलेला असताना त्या तांदूळ निवडता निवडता म्हणत, "यो बाबा मगासधरनं घसा साफ करतोय. गानार कवा?" शेठ डोळे मिटूनच उत्तर देत, "तुजा धवला म्हंजे गानं न्हाय, बाजाराची यादी हाय." हळद, नारळ, सुपारी, तांदूळ, सगळं त्यात येतं, ही गोष्ट खरी होती. काकी मग मुद्दाम मोठ्याने यादी गायला लागत. हा सामना मी वरून ऐकायचो, आणि मला दोन्ही बाजू आवडायच्या.

एका उन्हाळ्यात काकींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय पुढे थोडा सुधारला, धरून धरून त्या दारापर्यंत येऊ लागल्या. हात आणि वाचा मात्र आली नाही. जिच्याशिवाय पंचक्रोशीतली लग्नं अडायची ती बाई खिडकीजवळच्या खुर्चीत नुसती बसून राहिली. मला त्या घरात जायला नको वाटू लागलं, इतकं वाईट वाटायचं.

मुलगा दोघांना कोनला न्यायला आला तर शेठनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. ते स्वयंपाक शिकले. मासे बरे जमायचे, चहाचा पाक व्हायचा. सकाळी काकींची वेणी घालत, ती नेहमी डावीकडे झुकलेली असे. आणि काकींचे टोमणे ते स्वतःच मारू लागले. मारवा लावला की मधेच थांबून खुर्चीकडे बघत आणि म्हणत, "यो बाबा घसा साफ करतोय, आसा म्हनतेस ना? म्हन, म्हन." काकी खिडकीबाहेर बघत राहत.

त्याच सुमाराला शुक्रवारची एक नवी पद्धत सुरू झाली. शुक्रवारी मला कधी सुट्टी असली की वरून ऐकू यायचं. अकराच्या सुमाराला लूम बंद, गल्ली शांत, आणि खाली दार लावून शेठ एक सारंग लावत. दर शुक्रवारी तोच. खाँसाहेब सावकाश चढत जात, पंधरा-सतरा मिनिटं होत, आता द्रुत बंदिश सुरू होणार असं वाटे आणि खाली खट् असा आवाज येऊन सगळं बंद होई. त्यानंतर पेन्सिल. आठवड्यामागून आठवडे त्या खाँसाहेबांनी द्रुत म्हणून गायलं नाही. अर्धवट ऐकून माझाच जीव टांगणीला लागला. मी एकदा विचारलं तेव्हा शेठ म्हणाले की पुढे टेप खराब आहे. ते खोटं बोलत होते हे मला कळलं, कारण टेप खराब असली तर ते कुठे, किती आणि कोणाच्या चुकीने हे तपशीलवार सांगत.

मग भिवंडीच्या विजेचा कारभार एका खाजगी कंपनीकडे गेला. माझी बदली कल्याणला झाली, राहायला मात्र मी शेठच्या वरच्या मजल्यावरच होतो. नव्या तारा आल्या, नवे ट्रान्सफॉर्मर आले, आणि हळूहळू व्होल्टेज आठवडाभर पुरं राहू लागलं. लूमवाले खूश, बल्ब पांढरे दिसू लागले, मागचे मास्टर मला भेटून म्हणाले की जाधवसाहब, आप गये और सब ठीक हो गया. माझ्या जाण्याने हळहळलेला भिवंडीत एकच माणूस होता. शेठच्या शेकडो टेपा एका महिन्यात चढल्या. खोकल्याचे बुवा पोरसवदा झाले आणि बाई तर ऐकवेनात.

शेठ नव्या कंपनीच्या ऑफिसात गेले. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे विचारलं की काका, व्होल्टेज कमी येतंय का. शेठ म्हणाले, "न्हाय. बराबर येतंय. तीच तक्रार हाय." मुलीने कॉम्प्युटरमध्ये खूप शोधलं. तिथे अशा तक्रारीला जागा नव्हती. शेवटी तिने 'इतर' वर दाबलं आणि एक नंबर लिहून दिला. तो कागद शेठनी कितीतरी दिवस मशीनवर ठेवला होता. मुलाने वडिलांसाठी त्याच गाण्यांच्या सीडी आणल्या. शेठनी एक पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "हा मारवा बराबर हाय. पन माजा न्हाय." त्यानंतर संध्याकाळी खालून काहीच ऐकू येईना. शुक्रवारचा सारंग तेवढा येई. त्याला काही झालं नव्हतं, तो पुऱ्या व्होल्टेजवरच भरलेला होता.

महिनाभर मी ती शांतता सहन केली. मग कल्याणच्या भंगारवाल्याकडून एक जुना डिमर घेतला. त्याची चकती फिरवली की पाहिजे तेवढं व्होल्टेज खाली आणता येतं. म्हणजे शेठना त्यांचं पूर्वीचं भिवंडी घरातल्या घरात मिळणार होतं. एका रविवारी सकाळी तो चांगला दोन विटांएवढा डबा घेऊन मी खाली गेलो. काकी खिडकीजवळ खुर्चीत होत्या. त्यांच्या उजव्या हाताला शेठची रोजची बैठक, तिथेच भिंतीत प्लग. मी बैठक सरकवून त्या जागी डिमर मांडला, वायरी पसरल्या आणि मशीन जोडलं. तोडीची वेळ होती म्हणून शेठनी तोडी लावली. मी चकती हळूहळू फिरवू लागलो.

"थोरा खाली," शेठ डोळे मिटून म्हणाले. "आजून थोरा. आजून. थांब." बुवा पोरवयातून हळूहळू मोठे होत गेले, आवाज भरला, आणि एका जागी ते पुन्हा आमचे बुवा झाले. शेठनी दोन्ही कान धरले. मी त्या जागी चकतीवर एक खूण केली आणि 'लूम चालू' असं लिहिलं. चहा टाकायला म्हणून शेठ आत गेले आणि आत बराच वेळ नाक शिंकरत होते.

आता दुसरी खूण शुक्रवारची. ती पुऱ्या व्होल्टेजवर येणार हे मला माहीत होतं, तरी एक 'शु' टेप लावून बघायला हवी होती. मी फळीकडे वळलो. तेवढ्यात काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. काकींनी डाव्या हाताने शेजारच्या स्टुलावरची एक टेप माझ्याकडे ढकलली होती. तिच्यावर 'शु' शिवाय काही लिहिलेलं नव्हतं. मी चकती पुन्हा पुऱ्या व्होल्टेजवर नेली आणि ती लावली.

सारंग सुरू झाला. वरच्या मजल्यावर स्लॅबमधून मला इतके दिवस फक्त खाँसाहेब ऐकू येत होते. इथे जवळून कळलं की त्यांच्या मागे आणखी कुणीतरी आहे. सूप पाखडल्याचा आवाज होता, बांगड्या होत्या आणि तांदूळ पाखडता पाखडता एक बाई स्वतःशीच धवला म्हणत होती. रेडिओचं गाणं मशीनवर भरून घेताना घरातलं सगळं त्यात उतरलं होतं. खाँसाहेबांचा सूर एक, त्या बाईचा दुसरा. ती त्यांची पर्वा न करता हळद, नारळ, सुपारी अशी यादी गात होती. मी काकींकडे पाहिलं. त्या मशीनकडे बघत होत्या.

शेठ आतून आले, दारात थांबले आणि मग येऊन बसले. त्यांच्या बैठकीच्या जागी माझा डिमर आणि वायरी होत्या, म्हणून ते काकींच्या डाव्या बाजूला बसले. शुक्रवारी अकरा वाजता लावलेलं दार कशासाठी असे ते मला आता कळलं. हा माणूस बायकोला तिचा आवाज ऐकवत होता आणि स्वतः ऐकत होता. आणि इतकी वर्षं त्या आवाजाला यादी म्हटल्याचं त्याला माझ्यादेखत कबूल करायचं नव्हतं. मी उठून जायला हवं होतं, पण मला उठवेना.

सतरा मिनिटं झाली असतील. खाँसाहेब वरच्या षड्जावर पोचले. शेठचा हात सवयीने बटणाकडे गेला.

काकींनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

दर शुक्रवारी शेठ त्यांच्या उजवीकडे बसत. त्या बाजूचा काकींचा हात चालत नव्हता. शेठनी मनगट सोडवायचा प्रयत्न केला. काकींनी सोडलं नाही. धवलारणीच्या हातात जोर होता.

मग टेपेतून शेठचाच आवाज आला, तरुण आणि तापलेला. "गप बस गो जमने. येवरा मोठा मानूस गातोय, तुना कलत न्हाय?"

सूप थांबलं. मशीनसमोर बसलेल्या शेठनी मान खाली घातली. इतके आठवडे ते कशाच्या आधी खट् करून टेप बंद करीत होते ते आता समोर आलं होतं. आपल्या बायकोला गप्प करणारा स्वतःचा आवाज त्यांना तिच्यासमोर ऐकवत नव्हता. आता तर ती खरोखरच गप्प झालेली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पण टेप तिथे संपली नव्हती. मागून, ठासून, मांडवाबाहेरच्या ट्रकवाल्यालाही कळेल अशा आवाजात काकी म्हणाल्या, "मी माज्या घरान गाते. तो कोनाच्या घरान गातो, त्याला इचार." आणि सूप पुन्हा सुरू झालं, धवलाही, आधीपेक्षा मोठ्याने.

शेठ टेपेकडे बघतच राहिले. हे वाक्य ते साफ विसरले होते. भांडण होऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि टेप सापडल्यापासून दर वेळी ते या वाक्याच्या दोन श्वास आधी बटण दाबत आले होते. जी ते विसरली नव्हती ती शेजारी बसली होती. काकींच्या घशातून एक आवाज आला. आधी मला वाटलं की ठसका लागला. मग त्यांचे खांदे हलले आणि अर्धा चेहरा हसताना दिसला. वाचा गेल्यापासून त्या घरात काकींचा टेपेबाहेरचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

टेपेत खाँसाहेबांनी अखेर द्रुत सुरू केलं. ज्या द्रुतासाठी मी वरच्या मजल्यावर तळमळलो ते आता कुणी ऐकत नव्हतं, मी सुद्धा नाही. शेठनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. त्यांचं मनगट अजून काकींच्या हातात होतं, म्हणून दुसरा हात. मी पेन्सिल शोधून पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. त्यांनी बटण दाबलं आणि खाँसाहेब चिरकत उलटे पळाले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की शेठ, व्होल्टेज बरोबर आहे ना, खूण करू का. त्यांनी मला गप्प बसायची खूण केली आणि टेप पुन्हा लावली. त्यांचं स्वतःचं ओरडणं पुन्हा आलं. या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही, काकींकडे बघत ते पूर्ण ऐकून घेतलं. सूप थांबलं. मग काकी म्हणाल्या की मी माझ्या घरात गाते, तो कोणाच्या घरात गातो, त्याला विचार.

शेठनी मांडीवर हलकेच थाप मारली आणि म्हणाले, "लागली."